सकाळचं टेबल, दुपारचं टेबल

येईल-जाईल त्याची फिरकी घ्यायची सवय, म्हणून कारखान्यात त्याचं नावच फिरकी पडलं होतं. खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक. मुकादमाने ओरडायचं तरी "ए फिरकी" म्हणूनच, आणि मोठ्या साहेबांनी एकदा सगळ्यांदेखत त्याला "मिस्टर फिरकी" म्हटलं, तेव्हा अख्ख्या कारखान्याला दिवसभर हसू पुरलं. माणूस मनाने निर्मळ होता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला हा त्याचा धर्म. अशा माणसांवर लोक प्रेम करतात. त्या प्रेमाचा भाव काय, हे विकायला काढल्याशिवाय कळत नाही, आणि त्याने ते कधी विकायला काढलं नव्हतं.

कारखाना प्रवासी बॅगांचा. एका बाजूने कापड आणि पत्रे आत जायचे, दुसऱ्या बाजूने चाकांवर उभी राहिलेली बॅग बाहेर पडायची. मधे कापणारे, शिवणारे, चिकटवणारे, चाकं बसवणारे अशी माणसांची रांग, आणि रांगेच्या शेवटी, पॅकिंगच्या जरा अलीकडे, फिरकीचं टेबल. बॅग आली की ती आडवी करायची, चेन पूर्ण फिरवून उघडायची, फिरवून बंद करायची, दांडी वर ओढायची, खाली दाबायची, चारही चाकांवरून तळहात मारायचा आणि बॅग पुढे ढकलायची. तरुणपणी तो चिकटवण्याच्या खात्यात लागला, त्या वासाने त्याचं डोकं धरायचं, म्हणून मुकादमाच्या हातापाया पडून तो या टेबलावर आला आणि इथेच त्याचे केस पिकले. रबराच्या चाकांनी त्याचे तळहात कायमचे काळे पडले होते. "सगळ्या जगाच्या बॅगा मी उघडल्या," तो म्हणायचा, "आणि सापडलं काय, तर आत काहीच नाही. संत होऊन जायला हवं होतं मी."

त्याच टेबलावर दुपारच्या पाळीला त्याची धाकटी बहीण बसायची. तिला घरातले, दारातले, सगळे धाकटीच म्हणत.

धाकटीची कथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे, कारण तिच्यासारखीच्या कथेत घडतं ते सगळं दुसऱ्यांनी केलेलं असतं. बापाच्या मागे फिरकीने तिचं लग्न लावून दिलं. नवऱ्याने चार वर्षांत दुसरीकडे बिऱ्हाड केलं आणि ही एक पिशवी घेऊन भावाच्या दारात आली. भावाच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पडदा लावून तिची सोय केली. फिरकीची बायको वाईट नव्हती, तिने कधी तोंडाने काही म्हटलं नाही. पण न बोलता भांडी आपटण्याची एक भाषा असते आणि ती समजायला शाळेत जावं लागत नाही. धाकटी दुसरा कप चहा घ्यायच्या आधीसुद्धा विचारायची, "वहिनी, उरलाय का?" हे "उरलाय का" फिरकीच्या काळजात रुतायचं. जगाची टिंगल करणारा माणूस, घरात त्याला एक विनोद सुचायचा नाही.

मग दुपारच्या पाळीचा माणूस काम सोडून गेला, तेव्हा फिरकी मुकादमाच्या मागे हात धुऊन लागला. त्याच्या मुलीच्या लग्नात राबला, त्याच्या फालतू विनोदांना हसला, आणि हे त्याला सगळ्यात जड गेलं. शेवटी धाकटी लागली. ठेक्यावर लागली, कायम नव्हे, पण लागली. वर्षभरात तिने लॉन्ड्रीच्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. खोली म्हणजे काय, एक खिडकी, एक मोरी, आणि दाराला तिचं स्वतःचं कुलूप. पहिल्या दिवशी तिने भाऊ-भावजयीला चहाला बोलावलं आणि कप भरताना वहिनीला म्हणाली, "घ्या ना अजून, पुष्कळ आहे." फिरकीने त्या दिवशी तीन कप चहा घेतला. रात्री पोटात जळजळलं तरी तो खूश होता.

पाळी बदलताना भाऊ-बहिणीची गाठ पडायची ती तेवढीच, टेबलापाशी. हा उठायचा, ती बसायची. ती बुटकी, म्हणून बसायच्या आधी खुर्चीचा स्क्रू फिरवून खुर्ची वर घ्यायची. सकाळी हा येऊन शिव्या देत ती खाली करायचा.

"खुर्ची गरम करून ठेवलीय, राणीसाहेब."

"आणि काम?"

"काम तुझं. मी फक्त खुर्ची राखायला असतो."

आता या टेबलाबद्दल एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाकूड एकच, खुर्ची एकच, पण कारखान्याच्या बोलण्यात ती दोन टेबलं होती. सकाळचं टेबल फिरकीचं, दुपारचं टेबल धाकटीचं. "सकाळच्या टेबलावर माल अडलाय", "दुपारच्या टेबलाला दिवा लावा", असं सगळे बोलत. प्रत्येक जागेचं तसंच. टेबल माणसावरून मोजायचं, लाकडावरून नाही.

आणि दुसरी गोष्ट. दुसऱ्याच्या टेबलाबद्दल वर काही बोलायचं नाही, हा तिथला कायदा होता. फार वर्षांपूर्वी एका शिवणाऱ्याने साहेबाला सहज सांगितलं होतं, की चिकटवणारा दुपारचा रिकामाच असतो. साहेबाने चिकटवणाऱ्याला काढलं. त्यानंतर तो शिवणारा निवृत्त होईपर्यंत कॅन्टीनमध्ये एकटा जेवला. त्याच्या शेजारी डबा उघडायला कोणी बसलं नाही. नवा माणूस कामाला आला की त्याला यंत्र दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगत. बोलायचं असेल तर स्वतःच्या टेबलाबद्दल बोल, दुसऱ्याच्या पोटावर बोट ठेवू नकोस.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पाटी आली.

पाटी म्हणजे कॅन्टीनच्या भिंतीवर लावलेला, टीव्हीसारखा, हा एवढा मोठा पडदा. ती घेऊन आली नव्या खात्याची एक बाई, तिलाही मग पाटीवाली बाईच म्हणू लागले. बाई चांगली होती. उगाच तिला शिव्या घालण्यात अर्थ नाही, फिरकीनेही कधी घातल्या नाहीत. तिने सगळ्यांना जमवून सांगितलं, की साहेब लोक बंद खोलीत बसून जे सुचवतात त्यापेक्षा हजार डोक्यांना जास्त सुचतं. इथे कोणीही कल्पना टाकावी. कोणीही मत द्यावं. अंगठा टेकवायचा, आवडलेल्या कल्पनेचं हिरवं बटण दाबायचं, झालं. कायम कामगार, ठेक्यावरचा, कॅन्टीनचा, साहेब, सगळ्यांचा अंगठा इथे सारखा.

"यापुढे कल्पना वरून खाली येणार नाहीत," बाई म्हणाली, "खालून वर जातील."

"धुरासारख्या?" मागून फिरकीने विचारलं.

सगळे हसले. बाईसुद्धा हसली. मग ती गंभीर होऊन म्हणाली, "पूर्वीच्या सूचनापेटीचं काय झालं ते मला माहीत आहे. म्हणून मोठ्या साहेबांकडून शब्द घेतलाय. महिन्यात सर्वांत जास्त मतं पडलेली कल्पना पुढच्या महिन्यात अंमलात येणार. कितीही लहान असो, कोणाचीही असो. मतांच्या वर कोणी नाही."

सूचनापेटीत पूर्वी केळ्याची सालं सापडायची, त्यामुळे हा शब्द देणं भाग होतं. पाचामुखी परमेश्वर, असं आपण म्हणतो. पण पाच तोंडं एकदम हसायला लागली तर त्यातला परमेश्वर काय बोलला ते कोणी ऐकून घ्यायचं, हे त्या बाईला कोणी विचारलं नाही.

पहिले काही दिवस पाटी कोरीच. मग कोणीतरी लिहिलं, चहा पातळ असतो. त्याला भरपूर मतं पडली आणि दुसऱ्या महिन्यात चहा खरोखर दाट झाला. लोक चक्रावले. पाटीत दम आहे म्हणायचा! तरी कामाबद्दल कोणी एक अक्षर लिहीना, कारण कामाबद्दल लिहायचं म्हणजे कोणाच्या तरी टेबलाबद्दल लिहायचं. शेवटी बाईला वरून विचारणा झाली असावी. तिने मुकादमांना सांगितलं आणि मुकादम रांगेसमोर येऊन उभा राहिला.

"प्रत्येक रांगेतून एक तरी कल्पना आज पाटीवर पाहिजे. चहाची नको. कामाची."

रांगेने एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून फिरकीकडे. "तूच लिही बाबा. तुझीच जीभ चालते."

"माझी जीभ चालते, डोकं कुठे चालतं?"

"डोकं चालणाऱ्याने लिहिलं तर कोणाचं तरी मरण ओढवेल," पुडीवाला म्हणाला. हा पॅकिंगमधला त्याचा जुना दोस्त. बॅगेत ओलावा शोषून घेणारी पुडी टाकायची हे त्याचं काम. "तू आपलं कायतरी हसण्यावारी नेणारं लिही."

पाळी संपल्यावर फिरकी कॅन्टीनमध्ये गेला. कोणाच्या टेबलाला हात लावायचा नाही, म्हणजे उरलं स्वतःचं. मागे चारजण खांद्यावरून वाकून बघत होते आणि तो एकेका बोटाने लिहीत होता:

"मी रोज बॅग उघडतो आणि बंद करतो. माझ्या पुढे पुडीवाला पुडी टाकायला तीच बॅग पुन्हा उघडतो आणि पुन्हा बंद करतो. म्हणजे माझ्या टेबलाचा उपयोग एवढाच, की बॅगेला उघडण्या-मिटण्याची सवय लागते. तरी हे टेबल काढून टाकावं आणि मला घरी झोपायला पाठवावं. पगार घरपोच पाठवावा ही विनंती."

पुडीवाला हसता हसता भिंतीला टेकला. मागच्या चौघांनी तिथल्या तिथे अंगठे टेकवले. फिरकी घरी गेला तो शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर मतांचा ढीग. दुपारच्या पाळीने तर कहरच केला होता. ज्यांची तोंडओळखसुद्धा नाही अशा दुपारच्या माणसांनी रांगा लावून मतं दिली होती. पुढच्या दिवसांत कचेरीतल्यांनीही दिली. जाता-येता लोक त्याला थांबवून म्हणायचे, "पगार घरपोच!" आयुष्यभर तोंडी विनोद केले, ते हवेत गेले. हा पहिलाच भिंतीवर राहिला. हे सुख त्याने महिनाभर भोगलं, आणि मला वाटतं तेवढंच त्याच्या वाट्याचं होतं.

महिना संपता संपता पाटीवाली बाई त्याच्या टेबलापाशी आली. चेहरा फुललेला. "अभिनंदन! तुमची कल्पना पहिली आली."

"बाई, तो विनोद होता हो."

"माहीत आहे, फार सुंदर लिहिलंय. पण त्यातली गोष्ट खरी आहे ना? पुढे बॅग पुन्हा उघडली जातेच ना?"

फिरकीने पुडीवाल्याकडे पाहिलं. पुडीवाला त्याच वेळी एक बॅग उघडत होता. चेन फिरवली, पुडी टाकली, चेन फिरवली, दांडी ओढून बॅग उभी केली, चाकांवर ढकलली. आता नाही कसं म्हणायचं? गोष्ट खरी होती. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरी होती, फक्त कोणी ती हसून म्हटली नव्हती.

"आम्ही आठवडाभर बघितलंय," बाई म्हणाली. "माल तुमच्या टेबलाशीच तुंबतो. हे काम पॅकिंगमध्ये सहज होतं. एकतारखेपासून टेबल काढतोय, दोन्ही पाळ्यांचं. तुमची काळजी करू नका, तुम्ही कायम आहात, तुम्हाला गोदामात जागा दिलीय."

फिरकीच्या हातात चेनचं टोक होतं, ते तसंच राहिलं.

"दोन्ही पाळ्यांचं? बाई, मी माझ्या टेबलाचं लिहिलं. सकाळच्या. दुपारचं टेबल मी कुठे म्हटलं?"

बाईला खरंच समजलं नाही. तिने टेबलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "टेबल तर एकच आहे ना?"

अख्ख्या रांगेत त्या एका बाईलाच ते एक दिसत होतं. ज्यांनी लिहायला लावलं, ज्यांनी खांद्यावरून वाचलं, ज्यांनी अंगठे टेकवले, त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात दुपार आली नव्हती. दुसऱ्याच्या पोटावर बोट येऊ नये म्हणून एवढी खबरदारी घेतली आणि नेमकं सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्याच दिवशी त्याचा फोटो काढला. हातात पुठ्ठ्याचा भला मोठा हिरवा अंगठा दिला होता. फोटो काढणारा म्हणाला, "फिरकीशेठ, हसा की. तुम्हाला काय हसायला शिकवायचं?"

पाळी बदलताना धाकटी आली. बातमी तिच्या आधी फाटकाशीच पोचली होती. टेबलापाशी येऊन ती उभी राहिली. फिरकी उठला, बाजूला झाला. त्याला वाटत होतं तिने ओरडावं, रडावं, चारचौघांत दोन शिव्या द्याव्यात. मग त्यालाही काहीतरी बोलता आलं असतं.

धाकटीने खुर्चीकडे पाहिलं. "आज बसू ना दादा? की उभीच राहू?"

एवढंच म्हणाली. स्क्रू न फिरवताच बसली आणि पुढची बॅग ओढली.

ठेक्यावरच्या माणसाला काढत नाहीत, ठेकेदाराला फक्त कळवतात. एकतारखेला तिचा अंगठा फाटकावरच्या यंत्राने ओळखला नाही. रखवालदाराने तिला ओळखलं, तो तिला रोज बघत होता, पण रखवालदाराने ओळखून फाटक उघडत नसतं.

गोदामात फिरकीला काम असं नव्हतं. बाजारातून परत आलेला माल तिथे यायचा, आणि मी खोटं कशाला बोलू, तो त्याच मालाची वाट बघत बसायचा. टेबल गेलं, आता चेन अडकलेल्या बॅगा परत येतील, दांड्या निखळतील, दुकानदार बोंब मारतील आणि साहेब लोक धावत येऊन म्हणतील, फिरकी, चूक झाली, टेबल परत मांडा. ट्रक आला की हा आधी उठायचा. परत आलेली एकेक बॅग स्वतः उघडून बघायचा. कापड फाटलेलं असे, रंग उडालेला असे. चेन मात्र लोण्यासारखी चाले. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्याच कारखान्याची बॅग बिघडलेली असावी म्हणून देवाला विनवत होता. महिने गेले, एक तक्रार वाढली नाही. टेबलाची गरज खरोखरच नव्हती. सकाळी नव्हती, दुपारी नव्हती, त्याच्या तरुणपणीही नव्हती. ही गोष्ट गिळायला त्याला बहिणीची नोकरी गेल्याची गोष्ट गिळण्यापेक्षा कमी वेळ लागला असं मला वाटत नाही, पण त्याबद्दल तो कोणाजवळ बोलला नाही. तिच्यापुढे स्वतःचं दुःख काढायची त्याला लाज वाटत असावी.

इकडे रांगेचं उखळ पांढरं झालं. माल तुंबायचा थांबला, ठरलेलं काम लवकर संपू लागलं, आणि काम संपलं की घरी जा, अशी मुभा बाईने मिळवून दिली. सगळे आधीच्या बसने जाऊ लागले. पाटीचं नाव झालं. दुसऱ्या कारखान्यांतले लोक ती बघायला येऊ लागले आणि बाई त्यांना फिरकीचा फोटो दाखवून सांगे, "ही कल्पना कुठल्याही सल्लागाराने दिली नसती."

धाकटीने इकडेतिकडे कामं शोधली. दोन महिने लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली, तिथेही मालकाची भाची आली. खोली सोडायचे दिवस जवळ आले तेव्हा फिरकी बाईकडे गेला.

"बाई, एक काम करा. दुपारचं टेबल परत द्या. नाहीतर कुठेही बसवा तिला, झाडू द्या हातात. माझी बहीण आहे हो ती."

बाईचा चेहरा उतरला. "मला ठाऊकच नव्हतं." मग म्हणाली, "मी माझ्या अधिकारात काही केलं तर लोक म्हणतील, पाटी नावालाच आहे, शेवटी ओळखीनेच कामं होतात. तुम्ही पाटीवर टाका ना. तुमची माणसं आहेत, तुमच्यावर जीव टाकतात. मतं पडली तर मी साहेबांशी भांडेन, शब्द देते."

बाई खोटं बोलत नव्हती. भांडलीही असती. फिरकीला ते पटलं. आपल्या विनोदाला एवढी मतं देणारे लोक आपल्या बहिणीला देणार नाहीत का? त्याने लिहिलं. या वेळी विनोद नाही, सरळ लिहिलं: "मागची कल्पना मी गंमत म्हणून टाकली होती. त्यात माझ्या बहिणीची जागा गेली. तिच्यासाठी दुपारचं टेबल परत मांडावं. सर्वांनी मत द्यावं ही हात जोडून विनंती."

आठवडा झाला, तीन मतं. त्यातलं एक कॅन्टीनच्या वाढप्याचं, आणि तेही चुकून दुसरं बटण समजून दाबलेलं, हे त्याने स्वतःच येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. लोक पाटीपाशी येत, वाचत, इकडेतिकडे बघत आणि चहा घेऊन लांब जाऊन बसत. कोणी त्याला "पगार घरपोच" म्हणेना.

फिरकीने पुडीवाल्याला गाठलं. "तूसुद्धा?"

पुडीवाला बराच वेळ पुड्यांच्या खोक्याशी चाळा करत राहिला. "टेबल परत आलं की माल परत तुंबेल रे."

"मग?"

"मग बस जाईल." त्याने मान वर केली. "पोरगी शाळेतून यायच्या आत घरी पोचतो मी आता. इतकी वर्षं ती एकटीच कुलूप उघडून घरात शिरायची. तूच दिलंयस ते. आणि आता तूच परत मागतोस?"

"माझ्या बहिणीचं पोट आहे त्यात."

"माहीत आहे. म्हणून तर विरोधात कोणी बोललं नाही." पुडीवाल्याने पुन्हा खोक्यात हात घातला. "शिवाय तुझ्या बहिणीला जागा दिली तर उद्या प्रत्येकाच्या बहिणीला द्यावी लागेल, असं म्हणतात सगळे. मी नाही म्हणत. सगळे म्हणतात."

सगळे! फिरकीला या शब्दाची चीड आली. बोट दाखवायला त्यात कोणी सापडत नव्हतं. तो कोणाच्या अंगावर धावून जाणार? एकेकटा प्रत्येकजण भला होता. महिनाअखेर पाटीवर पहिली आली ती सायकली ठेवायच्या जागेला छप्पर घालायची कल्पना.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरदुपारी त्याने एक छोटा टेम्पो केला आणि धाकटीचं सामान आणायला गेला. सामान ते कितीसं? गादी, स्टोव्ह, दोन ट्रंका, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. तिने खोलीला कुलूप लावलं, खाली जाऊन किल्ली घरमालकाच्या हातात दिली आणि टेम्पोत मागे, गादीवर येऊन बसली. फिरकी तिच्या शेजारी. पुढे ड्रायव्हर गाणी लावून आपल्याच नादात होता.

"वहिनीने पडदा धुऊन ठेवलाय," फिरकी म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"बरं."

थोडं अंतर गेल्यावर त्याच्या मनात इतके दिवस साचलेलं बाहेर आलं. "सकाळच्या लोकांचं मी समजू शकतो. ते माझे. हसले, दाबलं बटण. पण त्या दुपारच्या हरामखोरांना काय पडलं होतं? मला ओळखत नाहीत, पाळखत नाहीत, आणि रांगा लावून मतं दिली. ती मतं नसती तर दुसरंच काहीतरी पहिलं आलं असतं. तुझ्या बाजूला बसून जेवणारे ते लोक! एकाच्या तरी डोक्यात आलं का, की हे टेबल..."

"दादा."

"नाही, मला सांग, काय बिघडवलं होतं आपण त्यांचं?"

"मी सांगितलं होतं त्यांना."

टेम्पो खड्ड्यातून गेला, कपबश्या किणकिणल्या. धाकटीने हात पुढे करून त्या धरल्या.

"चहाच्या सुट्टीत वाचलं मी," ती म्हणाली. "इतकी हसले की चहा नाकात गेला. मग एकेकाला ओढून आणलं पाटीपाशी. माझ्या दादाने लिहिलंय म्हटलं, द्या सगळ्यांनी मत. जे येत नव्हते त्यांच्याशी भांडले."

"तुला कळलं नाही? तुझंच टेबल ते."

"तुझं होतं ना. तू सकाळचं लिहिलं होतंस."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती समोर बघत होती आणि कपबश्यांवरचा हात तिने काढला नव्हता. त्याने तिचा दुसरा हात धरला. तिने धरू दिला.

"एका परीने बरं झालं माझा अंगठा काढून टाकला त्यांनी," ती म्हणाली. "उद्या तू परत काही लिहिलंस, तर मी परत दिलं असतं मत."